सह्याद्रीच्या उतारावरचा ड्रॅगन

ज्या गोष्टीचा शेवट आधीच ठाऊक असतो, ती ऐकताना मुलांना जांभया येतात. खेळाचेही तसेच आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक आगळा खेळ प्रसिद्ध केला. त्यात चारपाच मित्र मेजाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगू लागतो. बाकीचे तिच्यातील वीर होतात. संकट समोर आले, की काय करावे हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि ते साधले की फसले याचा निवाडा वीस बाजूंच्या फाशाने करायचा. गोष्टीतील सर्वांत मोठे संकट म्हणजे ड्रॅगन, पंख असलेला अजस्र सर्प. खेळाच्या पुस्तकात त्याचे रंग ठरलेले आहेत. लाल ड्रॅगन आग ओकतो, पांढरा हिमाचा फूत्कार टाकतो. परंतु हे एकदा पाठ झाले, की भय उरत नाही आणि विचारही करावा लागत नाही. म्हणूनच चांगला सूत्रधार कोणी कधी न पाहिलेला ड्रॅगन स्वतः घडवतो.

तो घडवावा कसा? तीन डोकी आणि सात शेपट्या जोडल्या की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. हा भ्रम होय. डोकी वाढवल्याने प्राणी मोठा होतो, वेगळा होत नाही. वेगळेपण येते ते भूमीतून. युरोपातील कथांमधला ड्रॅगन सोन्याच्या राशीवर पहारा करतो आणि आग ओकतो. चीनमधला ड्रॅगन नद्यांत व मेघांत राहतो आणि पाऊस आणतो. रायगड जिल्ह्यातील मुरूड-जंजिऱ्याच्या दरवाजावर वाघासारखा एक प्राणी कोरलेला आहे. त्याने पंजांत हत्ती पकडले आहेत, शेपटीतही हत्ती गुंडाळला आहे. हत्तीचे बळ ज्यांना ठाऊक होते, त्यांना त्या प्राण्याचे सामर्थ्य निराळे सांगावे लागले नाही.

मग कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील मुलांनी आपला ड्रॅगन परदेशातून उसना का आणावा? खोपोलीजवळ सह्याद्रीच्या उतारावरून लोखंडाचे प्रचंड नळ खाली आलेले आहेत. घाटमाथ्यावरील लोणावळा, वळवण येथील तलावांचे पाणी त्यांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोसळते आणि त्याच्या वेगाने यंत्रे फिरून वीज निर्माण होते. १९१५ सालापासून ही वीज मुंबईला जाऊ लागली. जे पाणी एरवी इंद्रायणीतून पूर्वेकडे वाहत गेले असते, ते येथे पाताळगंगेला मिळून पश्चिमेच्या समुद्राकडे जाते. हे शास्त्र झाले. आता त्यावर कल्पनेची दृष्टी पडावी. माथ्यावर तोंड आणि पायथ्याशी शेपूट असलेला हा सर्प चार महिने पाऊस पितो आणि आठ महिने पुरवून वापरतो. तो आग ओकत नाही, वीज ओकतो. पाऊस कमी झाला, की तो क्षीण होतो. नदीची दिशा फिरवण्याचे बळ त्याच्या अंगी आहे.

निर्जीव नळांत कसला ड्रॅगन, असे कोणी म्हणेल. परंतु या सर्पाजवळ रंगीत चित्रांतील ड्रॅगनपाशी नसलेली एक गोष्ट आहे : त्याला मारावे की राखावे, हा प्रश्न. त्याला मारले तर शहर अंधारात बुडेल; आणि त्याला हवे तेवढे पाणी पिऊ दिले, तर माथ्यावरची शेते तलावाखाली जातील. हा प्रश्न काल्पनिक नाही. खोपोलीच्या दक्षिणेस, घाटमाथ्यावरच्या मुळशी येथे अशाच विजेसाठी धरण बांधले जाऊ लागले, तेव्हा १९२१ साली मावळातील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी वाचवण्यासाठी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. धरण झाले, जमिनी बुडाल्या, वीज आली. लाभ एकाचा झाला, हानी दुसऱ्याची.

असा ड्रॅगन समोर उभा राहिला, की खेळणारा मुलगा तलवार उपसण्यापूर्वी क्षणभर थांबतो. हा कोठून आला, याला काय हवे, हा गेला तर कोणाचे काय होईल, असे तो स्वतःलाच विचारू लागतो. केवळ दुष्ट असलेल्या राक्षसाला मारणे सोपे असते. त्यासाठी बळ पुरे होते, विवेक लागत नाही. ज्याच्या एका हाती दान आणि दुसऱ्या हाती हानी आहे, त्याच्याशी कसे वागावे, हे ठरवायला मात्र शहाणपण लागते. ते शहाणपण फासा देत नाही.

ड्रॅगन घडवण्यासाठी प्रथम चित्रे पाहू नयेत, घराबाहेर पडून आपला मुलूख पाहावा. जो आपला डोंगर, आपली नदी आणि आपल्या माणसांचे सुखदुःख जाणतो, त्याचाच ड्रॅगन जगात दुसरा सापडत नाही.