सही केली म्हणून?

सत्तरी-ऐंशीतलं कोणी ‘डिजिटल अटके’त आयुष्यभराची पुंजी घालवून बसलं की दोन शेरे ठरलेले. ‘हाव नडली’ आणि ‘एवढं शिकलेला माणूस, अक्कल कुठे गेली?’

पहिला शेरा धादांत खोटा आहे. दामदुप्पट योजनेत पैसे घालणाऱ्याला हवं तर हावरा म्हणा. इथे कोणी काही देऊ केलेलंच नसतं. तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात सांगितलंत तर त्यांनाही आत घेऊ, असं वर्दीतला माणूस व्हिडिओ कॉलवर दरडावतो आणि ‘पडताळणी’साठी पैसे भरायला लावतो. जन्मभर कर वेळेवर भरलेला, पोलीस ठाण्याची पायरी कधी न चढलेला माणूस याला लवकर घाबरतो. यात हाव कुठे आली?

दुसऱ्या शेऱ्याला लुधियानाचं उदाहरण पुरे. वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांनी २०२४ साली, वयाच्या ८२व्या वर्षी, ७ कोटी रुपये असेच गमावले. त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी भरवली होती, सरन्यायाधीशांच्या सोंगासकट. दिमतीला वकिलांची फौज असणाऱ्याची ही गत; एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिकेची अक्कल काढणारे आपण कोण?

‘जनजागृती करा’ हा सूर जास्त प्रतिष्ठित. पंतप्रधान ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये यावर बोलले, १९३० ही हेल्पलाइन आहे, फोन लावला की सावधगिरीची सूचनाही वाजायची. उत्तमच. पण कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकार नाही, हे चहा पिताना पटतं. दोन रात्री जागून कॅमेऱ्यासमोर बसलेल्याला ते आठवत नाही. मग मुलं सोपा तोडगा काढतात: आईचं खातं आपल्या हाती घ्या. म्हाताऱ्यांचा पैसा घरातलेही लाटतात, हे तेव्हा कोणी बोलत नाही.

अडवायचं तर पैसा निघतो तिथेच अडवलं पाहिजे. नोव्हेंबर २०२४मध्ये हैदराबादेत स्टेट बँकेच्या एका शाखेत ज्येष्ठ ग्राहक ठेवी मोडायला आले. कारण सांगितलं, जागा घ्यायची आहे. कर्मचाऱ्याला शंका आली. घरच्या कोणाला घेऊन या, म्हणत काम लांबवलं. १३ लाख वाचले. हे एका माणसाच्या चाणाक्षपणावर का सोडायचं? ठेव मोडून नव्या खात्यावर मोठी रक्कम निघाली तर ती एक दिवस थांबावी आणि खातेदाराने आधीच नेमलेल्या माणसाला बँकेने फोन करावा, असा नियम हवा. ‘माझा पैसा, बँक कोण अडवणार?’ हा आक्षेप रास्त आहे; म्हणून ही सोय घ्यायची की नाही, हे खातेदारानेच ठरवावं. रुग्णालयांची देणी त्यातून वगळता येतील. सही जुळली नाही की चेक परत करणाऱ्या, दर नोव्हेंबरात पेन्शनरकडून हयातीचा दाखला मागणाऱ्या बँकांना एवढं जड जाऊ नये.

भरपाई मागितली तर बँका म्हणतात, पैसे ग्राहकाने स्वतः पाठवले. रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियमही संमतीविना झालेल्या व्यवहारांपुरताच. ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही. धाकाने केलेल्या सहीला मात्र तिथे संमतीच मानतात. शिवाय पैसा जातो ते दुसऱ्याच्या नावावरचं भाडोत्री खातंही कुठल्या तरी बँकेनेच केवायसी करून उघडलेलं असतं, तिला कोण विचारतो? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५मध्ये डिजिटल अटकेच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला खरा, पण तपास पैसे गेल्यावरचा.

ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४पासून अशा फसवणुकीत ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकांना द्यावी लागते; निम्मी पाठवणाऱ्या बँकेने, निम्मी ज्या बँकेत पैसा गेला तिने. आपल्याकडेही ती निम्मी रक्कम स्वतःच्या खिशातून जाऊ लागली, तर भाडोत्री खाती बँकांना आपोआप दिसू लागतील.