मांडव्याहून विमानतळ किती लांब?

सिंधुदुर्गचं चिपी आणि गोंदियाचं बिरसी, महाराष्ट्राच्या दोन टोकांचे दोन विमानतळ. अक्षांश-रेखांश सूत्रात टाका, हवाई अंतर येतं सुमारे 940 किलोमीटर. एटीआरसारखं छोटं विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास उडतं. म्हणजे चढ-उतार धरून सव्वादोन तास. उत्तर बरोबर, मार्क पूर्ण! पण त्या भरवशावर कोणी दिवाळीला घरी निघालं तर? थेट विमानच नाही. मध्ये कुठंतरी उतरा, बॅग सांभाळत ताटकळा, नाहीतर सरळ रेल्वे पकडा.

माझं म्हणणं असं की प्रवासाचा वेळ आकाशात ठरतच नाही. तो जमिनीवर ठरतो, आणि आमच्या मांडव्याला तर पाण्यावर.

मांडवा जेटी ते गेटवे सरळ रेषेत जेमतेम 13 किलोमीटर. विमानाला दीड मिनिट पुरे. लाँच घेते पाऊण ते एक तास, आणि रस्त्याने म्हणाल तर पोयनाड, वडखळ, पेण, पनवेल असा शंभरेक किलोमीटरचा वळसा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचेस बंद, तेव्हा तर विचारूच नका.

आता मांडव्याच्या पोराला नागपूरला इंटरव्ह्यूला जायचंय. मुंबई-नागपूर हवाई अंतर 680 किलोमीटर, विमान दीड तास. त्याआधी जेटीवर अर्धा तास, लाँच एक तास, गेटवेहून सांताक्रूझ ट्रॅफिकमधून दीड तास, आणि विमानतळावर दीड तास आधी हजर. झाले सहा! यात विमान दुप्पट वेगाने उडवलं तरी वाचणार पाऊण तास, तोही फार तर. सकाळची एक लाँच चुकली तर विमानच गेलं.

म्हणूनच मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून सुरू झालेली रो-रो बोट मला कुठल्याही नव्या धावपट्टीपेक्षा मोठी वाटते. गाडीसकट तासाभरात पलीकडे, वडखळच्या खड्ड्यांना रामराम.

25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहून विमानं उडू लागली. नकाशावर पट्टी ठेवली तर मांडव्यापासून 28-30 किलोमीटर. वाटतं, चला, विमानतळ अंगणात आला! पण मध्ये धरमतरची खाडी पसरलीय. रेवस-कारंजा पुलाचं बोलणं बॅ. अंतुल्यांच्या काळापासून आमचे आजोबा ऐकत आलेत. तोवर पुन्हा तेच वडखळ नि तेच पेण.

पूल होईल तेव्हा होईल. विमानांच्या वेळा बघून अलिबागहून थेट विमानतळापर्यंत एसटी सोडायला मात्र कुठला पूल लागतो? पहाटे सहाच्या विमानासाठी स्वतःची गाडी नसलेल्या माणसाला आज आदल्या संध्याकाळीच घर सोडावं लागतं. त्याच्या तिकिटावर मात्र छापलेलं असतं, प्रवासाचा वेळ दीड तास.