पटावरून कमी झालेलीं नांवें

शाळा सोडून पंचवीस वर्षें झालीं कीं जुन्या सोबत्यांनीं एकत्र जमावें, ही चाल आपल्याकडे अलीकडे चांगलीच रूढ झाली आहे. दिवाळी किंवा मे महिना जवळ आला कीं कोठल्या ना कोठल्या वर्षाची तुकडी आपल्या शाळेच्या पटांगणांत मांडव घालते. वृद्ध गुरुजनांस शालश्रीफळ अर्पण होतें. घंटा वाजते, प्रार्थना होते, आणि पोक्त पुरुष व बायका पुनः बाकांवर बसून हजेरी देतात. या मेळाव्यांची थट्टा करणारे पुष्कळ आहेत. सारख्या रंगाचे सदरे, छायाचित्रें आणि जेवणावळ यांपलीकडे त्यांत कांहीं नाहीं, असें ते म्हणतात. प्रस्तुत लेखकाचें मत तसें नाहीं. चाळिशी उलटलेल्या मनुष्यास ‘अरे’ म्हणून हांक मारणारीं माणसें जगांत फार थोडीं उरतात. आईबाप थकलेले असतात किंवा देवाघरीं गेलेले असतात. बाकीचे सर्व ‘अहो’ म्हणतात. तीं थोडीं माणसें एक दिवस भेटलीं, तर त्यांत हंसण्यासारखें काय आहे?

माझी तक्रार निराळी आहे. या मेळाव्याचें बोलावणें कोणास जातें? व्हॉट्सॲपवरील समूहाचें नांव ‘दहावी १९९६’ असें असतें. निवड त्या नांवांतच होऊन गेलेली असते. वर्ग म्हणजे दहावीच्या परीक्षेस बसलेलीं मुलें, असें आपण न बोलतां ठरवून टाकलें आहे. वास्तविक वर्ग जमतो तो पांचवींत. दहावींत तो संपतो. जो पांचवी, सहावी, सातवी अशीं तीन वर्षें आपल्या शेजारीं बसला, ज्याच्या डब्यांतील भाकरी आपण खाल्ली, तो आठवींत आला नाहीं एवढ्यावरून तो आपला सोबती नव्हता असें कोण म्हणेल?

जून १९९० मध्यें ज्या तुकडींत मी पांचवीस होतों, तिच्यांतील बरींच मुलें मार्च १९९६ च्या परीक्षेपर्यंत पोंचलीं नाहींत. त्या काळीं वरच्या वर्गांत घालणें न घालणें वार्षिक परीक्षेवर असे. इंग्रजी किंवा गणित राहिलें कीं मुलगा मागें राही. पहिल्या वर्षीं तो आपल्याहून लहान मुलांत खालीं मान घालून बसे. दुसऱ्या वर्षीं तो शाळेऐवजीं एखाद्या गॅरेजमध्यें दिसे. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यानें आठवीपर्यंत मूल मागें ठेवण्याची पद्धति बंद केली. २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवीपुरती ती मुभा राज्यांस पुनः दिली आहे. त्या वादांत येथें शिरत नाहीं. परंतु आमच्या पिढीचा वर्ग कोठें आटला, हें जाणावयाचें असेल तर या गोष्टीकडे पाहिलें पाहिजे.

दुसरें कारण ऊंसाचें. नगर व बीडकडील वाचकांस तें सांगावयास नको. मुकादमाची उचल घेतलेलीं कुटुंबें दसऱ्यादिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड घेऊन कारखान्यांकडे जातात, तीं गळीत हंगाम संपल्यावर परततात. नवराबायकोच्या जोडीस तिकडे ‘कोयता’ म्हणतात. माणसांस हत्याराचेंच नांव. मागें आजी असली तर मूल शाळेंत राही. नसली तर तेंही जाई, आणि परत येई तेव्हां वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असे. मुलींचें कारण तर सर्वांस ठाऊक आहे. मुलीच्या लग्नाचें वय १९७८ सालींच कायद्यानें १८ झालें; पण गांवाचें पंचांग कायद्याच्या पुस्तकाप्रमाणें चालत नसे.

दहावीच्या मुलांस निरोप मिळतो. फुलें, भाषणें, स्वाक्षरीच्या वह्या, एखाददुसऱ्या शिक्षकाच्या डोळ्यांत पाणी, हें सर्व त्यांच्या वांट्यास येतें. जो आठवींतून गेला त्यास निरोप कोणी दिला? महिनाभर हजेरींत त्याच्यापुढें गैरहजेरीची खूण पडत गेली, मग एके दिवशीं नांवावर तांबड्या शाईची रेघ आली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पुढच्या मुलाचा हजेरीक्रमांक एकानें कमी झाला. इतकेंच.

शाळेच्या कचेरींत जनरल रजिस्टर नांवाचें एक मोठें पुस्तक असतें, हें बहुतेक विद्यार्थ्यांस दाखला घेतांनाच कळतें. शाळेंत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद त्यांत असते: नांव, जन्मतारीख, जन्मस्थान, जात, दाखल झाल्याची तारीख, प्रगति, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचें कारण. हें पुस्तक कायम जतन करावयाचें असतें. जातीच्या पडताळणीसाठीं आजोबांची नोंद शोधीत नातवंडें येतात, तेव्हां साठ वर्षांपूर्वींचीं पानें आमचे लेखनिक मोठ्या जपणुकीनें उलटतात. शेवटच्या रकान्यांत पुष्कळांपुढें ‘सतत गैरहजर’ एवढेच दोन शब्द असतात. गैरहजर कां, हें लिहावयास रकाना नाहीं.

माझी थोरली बहीण याच दोन शब्दांनीं शाळेंतून गेली. आई अंथरुणास खिळली तेव्हां ताई सातवींत होती, आणि घरांत आम्ही तिघें धाकटीं. कोणी तिला ‘शाळा सोड’ असें म्हटल्याचें मला आठवत नाहीं. एके सोमवारीं ती गेली नाहीं. मग गेलीच नाहीं. मी पदवीधर झालों, धाकटीं दोघें नोकरीस लागलीं, त्याचा पाया तिच्या न झालेल्या आठवींत आहे, हें आमच्या घरांत सर्व जाणतात. तिच्या वर्गाचा मेळावा झाल्याचें तिला वर्तमानपत्रांतील छायाचित्रावरून कळलें. चष्मा लावून तिनें तें पाहिलें आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नांवें सांगूं लागली. मागच्या रांगेंतील एका भारदस्त बाईंपाशीं तिचें बोट थांबलें. “ही माझीं गणितं बघून लिहायची,” ती म्हणाली, आणि चहा टाकावयास उठली.

इतक्या वर्षांनीं चेहरे ओळखूं येतात, यांत नवल नाहीं. बाहरिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यांसह १९७५ सालीं एक संशोधन प्रसिद्ध केलें. शाळेंतून बाहेर पडलेल्या ३९२ लोकांस त्यांच्याच वर्गाचीं जुनीं छायाचित्रें दाखविण्यांत आलीं. शाळा सोडून सुमारें ३५ वर्षें होईपर्यंत लोक आपले सोबती शंभरांत नव्वदांच्या आसपास बरोबर ओळखीत. मात्र छायाचित्राच्या आधाराशिवाय नांवें आठवावयास सांगितलें, कीं जसजशीं वर्षें लोटलेलीं असत तसतशीं तीं कमी आठवत. (त्या परीक्षेसही शाळा पुरी केलेल्यांनाच बोलाविलें होतें, हें जातां जातां सांगितलें पाहिजे.) म्हणजे चेहरा मनांत राहतो, पण नांव हाताशीं राहत नाहीं; आणि मनुष्य शोधावयाचा तर नांवच लागतें. आमच्याकडे मुलींच्या बाबतींत ही अडचण दुप्पट आहे. लग्नांत आडनांव तर बदलतेंच, पुष्कळ घरांत मुलीचें स्वतःचें नांवही बदलतें. वर्गांत जिला आपण एका नांवानें ओळखलें, ती सासरच्या गांवीं त्या नांवानें कोणासही ठाऊक नसते.

“पण या लोकांस बोलावून त्यांनाच संकोच वाटेल,” असें कांहीं सज्जन म्हणतात. संकोच वाटेल खरा. तो कशानें वाटतो, हें पाहिलें पाहिजे. मेळाव्यांत प्रत्येकानें उभें राहून आपला हुद्दा, बंगला आणि मुलांचें परदेशांतील शिक्षण सांगावयाचें, ही जी रीत पडली आहे, ती प्रथम बंद करावी. त्याऐवजीं प्रत्येकानें पांचवीच्या वर्गांतील एक आठवण सांगावी; त्या विषयांत कोणी नापास होत नाहीं. सर्वांकडून सारखी वर्गणी घेणेंही बंद करावें. ज्याची मजुरी रोजावर आहे त्यास दीड हजार रुपये आणि सदऱ्याचे निराळे पैसे म्हणजे ‘येऊं नकोस’ असें सांगणेंच होय. शाळा पुरी न होणें म्हणजे आयुष्य अपुरें राहणें, ही समजूतही सोडून द्यावी. ज्यांचें शाळेंतील शिक्षण जवळजवळ नव्हतेंच, त्या लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ ते १९३६ या काळांत प्रसिद्ध झालीं, आणि आम्ही पदवीधर तीं मुलांना शिकवितों.

दिवसाचाही विचार हवा. दिवाळींत लेकी माहेरीं येतात म्हणून तो दिवस सोयीचा वाटतो. पण तोंवर ऊंसतोडीचीं कुटुंबें गांव सोडून गेलेलीं असतात. मे महिन्यांत दोघेंही सांपडतात. लग्नसराईची अडचण येईल, ती सोसावी.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याजवळ आज मोबाईल आहेत, म्हणून आपण कोणास विसरणार नाहीं असें तुम्हांस वाटतें. क्रमांक मात्र नांवांहूनही लवकर बदलतात. एका वहींत वर्गांतील प्रत्येकाचें नांव, वडिलांचें गांव आणि मुलींच्या बाबतींत मामाचेंही गांव लिहून ठेवा. जो मध्येंच येईनासा झाला त्याचें नांव खोडूं नका. शक्य असल्यास त्याच आठवड्यांत त्याच्या घरीं जाऊन या. पंचवीस वर्षें थांबण्याचें कारण नाहीं.

हा अंक ज्या घरांत जाईल, त्यांतील कांहीं आईबापांचींही नांवें याच रजिस्टरांत आहेत. मागच्या पालकसभेनंतर एक बाई कचेरीच्या दाराशीं घुटमळत उभ्या होत्या. मुलाच्या दाखल्याचें काम असेल असें समजून लेखनिकांनीं विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “मी पण इथंच होते सातवीपर्यंत. माझं नाव असंल का अजून?” रजिस्टर काढलें. नोंद सांपडली, माहेरच्या नांवानें, वडिलांच्या नांवासह, निळ्या शाईंत. बाईंनीं ती दोनदां वाचली. मग त्यांचें बोट खालच्या ओळीवर गेलें. “ही आता श्रीरामपूरला असते. नाव बदललंय तिचं, पण माझ्याकडं नंबर आहे.” आणखी खालीं, “हा गेला तीन वर्षांमागं. ह्याचं वेल्डिंगचं दुकान आहे स्टँडजवळ.” लेखनिकांनीं टेबलावरचा एक कोरा कागद ओढला आणि लिहावयास सुरुवात केली.