जर्सीमार्गे येणारी सीडी

परदेशातून टपालाने येणाऱ्या कमी किमतीच्या वस्तूंवर कर न लावण्याची सवलत अनेक देशांनी दिली, ती हिशेब करूनच. पार्सल उघडायचे, मालाची किंमत ठरवायची, घेणाऱ्याकडून पैसे वसूल करायचे. एवढ्या खटाटोपाचा खर्च हाती पडणाऱ्या करापेक्षा जास्त होतो. युरोपीय समुदायाने १९८३ मध्ये ही सवलत कायद्यात आणली. ब्रिटनमध्ये तिची मर्यादा पुढे १८ पौंड होती. अशी पार्सले अधूनमधूनच येणार, असे त्यामागे गृहीत धरलेले होते. ऑनलाइन विक्री सुरू झाल्यावर ते टिकले नाही, आणि त्याची किंमत देशातल्या छोट्या विक्रेत्यांनी मोजली.

इंग्लिश खाडीतली जर्सी आणि गर्न्सी ही बेटे ब्रिटिश राजसत्तेखाली असली तरी ब्रिटनचा भाग नाहीत. त्या काळात ती युरोपच्या सीमाशुल्क क्षेत्राच्या आत होती, पण व्हॅट क्षेत्राच्या बाहेर. म्हणजे तिथून निघालेल्या मालावर आयात शुल्क नाही, आणि किंमत मर्यादेच्या आत असेल तर व्हॅटही नाही. बेटांवरचे फूलविक्रेते टपालाने फुले पाठवत, त्यांनाही ही सवलत मिळे. त्यात कुणाचे फारसे बिघडत नव्हते. १९९८ मध्ये जर्सीत प्ले डॉट कॉम ही ऑनलाइन विक्री करणारी कंपनी सुरू झाली आणि चित्र पालटले. सीडी, डीव्हीडी, कॉन्टॅक्ट लेन्स, जीवनसत्त्वांच्या गोळ्या असा हलका, टपालात मावणारा माल बेटांवरून ब्रिटनभर जाऊ लागला. मग ब्रिटनमधल्या मोठ्या दुकानसाखळ्यांनीही तिथे आपली सोय लावली.

यातला बराच माल मुळात बेटांवरचा नव्हताच. तो ब्रिटनमधून ‘निर्यात’ म्हणून जाई. निर्यातीवर व्हॅट शून्य. बेटावरच्या गोदामात त्याची पाकिटे होत आणि तोच माल आयात म्हणून ब्रिटनमधल्या घरांत परत येई, तेव्हाही करमुक्त. दोनदा खाडी ओलांडूनही तो स्वस्त पडे. जानेवारी २०११ पासून ब्रिटनमध्ये व्हॅट २० टक्के झाला. त्या दराने १० पौंडांना विकलेल्या सीडीतले १ पौंड ६७ पेन्स सरकारजमा होतात. व्हॅट-नोंदणी असलेल्या लहान रेकॉर्ड दुकानाला ते भरावेच लागत. बेटावरच्या विक्रेत्याला तेवढी किंमत उतरवण्याची मुभा होती. नफा मुळातच थोडा असलेल्या धंद्यात हा फरक मेहनतीने भरून निघणारा नाही. संगीताची उत्तम जाण, ग्राहकाशी वर्षानुवर्षांची ओळख, वेळेवर घरपोच माल, हे सगळे असूनही माणूस हरत होता, कारण त्याचे दुकान त्याच्याच देशात होते.

सरकारचे हात बांधलेले होते असेही नाही. टपालाने मागवलेला व्यापारी माल सवलतीतून वगळण्याची परवानगी युरोपच्या त्या कायद्यातच होती. ब्रिटनने ती वर्षानुवर्षे वापरली नाही. या दिरंगाईत अनेक छोटे धंदे बुडाले, आणि ते नुकसान कुणीही भरून दिले नाही. अखेर विक्रेत्यांनीच ‘रिटेलर्स अगेन्स्ट व्हॅट अव्हॉयडन्स स्कीम्स’ हा गट उभारून युरोपीय आयोगाकडे दाद मागितली. १ नोव्हेंबर २०११ ला मर्यादा १५ पौंडांवर आली आणि १ एप्रिल २०१२ पासून या बेटांपुरती सवलत संपली. बेटांची सरकारे लंडनच्या उच्च न्यायालयात गेली, पण मार्च २०१२ मध्ये हरली. तिथल्या गोदामांतल्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, हेही नोंदवले पाहिजे. धोरणाची चूक त्यांची नव्हती.

युरोपीय संघाबाहेरच्या इतर देशांना सवलत चालूच राहिली, आणि चीन व हाँगकाँगहून येणारी पार्सले वाढत गेली. शिवाय दुसरी वाट निघाली. परदेशी विक्रेते कंटेनरने माल आणून ब्रिटनमधल्याच गोदामात ठेवत आणि व्हॅट-नोंदणी न करता मोठ्या संकेतस्थळांवर विकत. ही सवलत नव्हती, सरळ करचुकवेगिरी होती. डिसेंबर २०१२ पासून अशा विक्रेत्यांना पहिल्या विक्रीपासून नोंदणी बंधनकारक होती. पण परदेशात बसलेल्याला नोटीस कोण बजावणार? २०१५-१६ या एका वर्षात ऑनलाइन व्यापारातले असे व्हॅटचे नुकसान १०० ते १५० कोटी पौंड असल्याचा अंदाज खुद्द कर खात्याने दिला होता. जानेवारी २०२१ मध्ये उरलेली सवलत रद्द झाली आणि परदेशी विक्रेत्यांचा कर गोळा करण्याची जबाबदारी संकेतस्थळांवर आली. हा खरा उपाय, कारण पैसा त्यांच्याच हातातून जातो. तरीही ब्रिटनमधला पत्ता दाखवून आपण स्थानिकच आहोत असे भासवणारे विक्रेते यातून निसटू शकतात.

भारतात हीच पळवाट भेटवस्तूच्या रूपाने उघडली. ५,००० रुपयांपर्यंतच्या परदेशी भेटीवर शुल्क नव्हते. चिनी अ‍ॅपवरून मागवलेले कपडे आणि दागिने ‘भेट’ म्हणून घरी येऊ लागले. डिसेंबर २०१९ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने अशा भेटींची शुल्कमुक्त आयात थांबवली. राख्या आणि जीवरक्षक औषधे तेवढी वगळली. परदेशातल्या बहिणीची राखी अडू नये, याचे भान ठेवणे योग्यच होते. नियम माणसांसाठी ठेवता येतो आणि व्यापारासाठी बंद करता येतो, हे त्यातून दिसले.

त्याच काळात देशातल्या विक्रेत्याची स्थिती मात्र उलटी होती. संकेतस्थळावरून वस्तू विकायच्या तर, काही मोजके अपवाद सोडता, उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी सक्तीची होती. गल्लीतल्या दुकानाला मिळणारी उलाढालीची सूट घरून विकणाऱ्या बाईला नव्हती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती मिळाली, पण एकाच राज्यातल्या विक्रीपुरती. सोलापूरची शेंगदाण्याची चटणी संकेतस्थळावरून पुण्याला विकायला छोट्या विक्रेत्याला आता नोंदणी लागत नाही. तीच शेजारच्या विजापूरला विकायची, तर पहिल्या पाकिटापासून लागते.