गेटाबाहेरचा कामगार

मालकांच्या वकिलांचं पालुपद ठरलेलं: कामगार गेटातून आत आला की आमचा, तोवर तो रस्त्यावरचा एक प्रवासी. लालबाग-परळचा कामगार डबा घेऊन चाळीतून गिरणीत चालत जायचा, तेव्हा हे खपूनही गेलं असेल. आज गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत आणि तिथला शिपाई बदलापूरहून लोकलच्या दारात लोंबकळत येतो. त्याला उशीर झाला की हजेरीवर लाल शेरा. उशिराचा दंड लावताना वाट आमच्या हिशोबातली आणि पाय मोडला की तुझी खासगी, हा कुठला न्याय?

‘रस्त्यावर आमचा ताबा नाही,’ असंही म्हणतात. नसेल. पण १९२३चा भरपाई कायदा मालकाची चूक शोधतच नव्हता. अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झाला का, एवढंच पाहायचा. बेस्टचा एक ड्रायव्हर ड्युटी संपवून जोगेश्वरी डेपोतून घरी निघाला, बेस्टच्याच दुसऱ्या बसने. ती उभ्या लॉरीवर आदळली आणि तो दगावला. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्याच्या विधवेला भरपाई दिली. ड्रायव्हरांना बसप्रवासाची मुभा होती ती उपकार म्हणून नव्हे, सेवा सुरळीत चालावी म्हणून.

उस्मानाबादच्या साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये पहाटे ३च्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून ५ किलोमीटरवर अपघातात दगावला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते काढून घेतले. सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले जुलै २०२५मध्ये. बावीस वर्षं! पहाटे तीनला माणूस हौसेने हिंडायला निघत नाही, हे कळायला इतकी?

१४ मार्च २०१९च्या संध्याकाळी सीएसएमटीजवळ हिमालय पूल कोसळला. मृतांत जीटी रुग्णालयाच्या तीन परिचारिका होत्या, रात्रपाळीला निघालेल्या. त्या ‘नुसत्या पादचारी’ होत्या, असं कुणी त्यांच्या घरी जाऊन सांगून दाखवावं.

‘मग सिनेमाला जाताना पडला तरी द्यायचे का?’ नाही. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी धागा जुळला पाहिजे, अशी अट २०१०पासून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे.

संहितेवर राग आहे तो वेगळ्याच कारणाने. दादरच्या सिग्नलला पाठीवर चौकोनी बॅग घेऊन थांबलेल्या पोराला ती गिग कामगार म्हणते आणि मालक-नोकर नात्याबाहेर ठेवते. त्याच्यासाठी योजना आहेत. भरपाईचा दावा लावायला मालक नाही. त्याचं तर सगळं कामच रस्त्यावर.