पगाराची स्लिप वाचायला कोण शिकवणार?

गेल्या वर्षावासात आम्ही विहारात बीपी-शुगर तपासणीचे शिबिर घेतले. एक मावशी आल्या. एका खासगी हॉस्पिटलात त्या आठ वर्षांपासून कंत्राटी आया आहेत. बीपी चांगलेच वाढलेले. म्हणाल्या, रात्रभर झोप लागत नाही. कारण विचारले, तर पिशवीतून पगाराची स्लिप काढून पुढे केली. "सिस्टर, हे कापलेले पैसे जातात कुठे, तेवढे सांगा."

त्यांच्या मोबाईलवर पीएफचे पासबुक उघडले. स्लिपवर दर महिन्याला कपात होती, पण पासबुकात पाच महिन्यांपासून एक पैसा जमा नव्हता. याआधी ठेकेदार बदलला तेव्हा "फॉर्म भरा, पैसे मिळतील" असे कोणीतरी सांगितले. मुलीच्या ॲडमिशनसाठी त्यांनी पीएफ आणि पेन्शनचे पैसे दोन्ही काढून घेतले. त्यामुळे आठ वर्षांतली पाच वर्षे पेन्शनच्या हिशेबातून गेली. आणखी एक गोष्ट. स्लिपवर ईएसआयची कपातही होती, आणि मावशी बीपीची गोळी मेडिकलमधून विकत घेत होत्या. मोहननगरचे ईएसआय हॉस्पिटल आपल्यासाठी आहे, हे त्यांना माहीतच नव्हते. दिवसभर हॉस्पिटलात राबणाऱ्या बाईची ही गत!

दोष मावशींचा नाही. मी स्वतः जीएनएम करून चौदा वर्षे वॉर्डात काढली. हात कसे धुवायचे, आग लागली तर काय करायचे, कोणता कचरा पिवळ्या पिशवीत आणि कोणता लाल पिशवीत, याचे ट्रेनिंग वारंवार झाले. पगाराची स्लिप कशी वाचायची, हे एकदाही कोणी शिकवले नाही. पहिल्या नोकरीत 'कन्सल्टंट' असे लिहिलेल्या कागदावर मी आनंदाने सही केली. वाटले, मोठे पद मिळाले! त्याचा अर्थ पीएफ नाही, ईएसआय नाही, ग्रॅच्युइटी नाही, हे तीन वर्षांनी कळले.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या प्रत्येक हॉस्पिटलने, सरकारी असो वा खासगी, दर तीन महिन्यांनी एक तास पैशाच्या हिशेबाचे ट्रेनिंग द्यावे. ते मराठीत असावे, ड्युटीच्या वेळेत असावे आणि तिन्ही शिफ्टसाठी असावे. त्यात नर्सबरोबर आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार, सिक्युरिटी, सगळे कंत्राटी कर्मचारी बसले पाहिजेत.

काय शिकवायचे? बचत करा, हे नको. आपल्या बायका बाराशे रुपयांतूनही भिशी भरतात, त्यांना बचत कोणी शिकवू नये. ट्रेनिंगच्या नावाखाली पॉलिसी विकणारा एजंटही नको. शिकवायचा तो आपला हक्क.

पीएफचा पगार १५,००० असेल, तर आपले १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. मालकही तेवढेच भरतो. त्यातले १,२५० पेन्शनला आणि ५५० पीएफला जातात. पेन्शनसाठी १० वर्षे सेवा लागते. म्हणून ठेकेदार बदलला तरी यूएएन नंबर तोच ठेवायचा आणि जुने खाते नव्याला जोडून घ्यायचे. वारसाचे नाव ऑनलाईन नोंदवायचे, कारण नोकरीत असताना मृत्यू आला तर घरच्यांना ७ लाखांपर्यंत विमा मिळू शकतो. ठेकेदाराने पैसे बुडवले म्हणून हॉस्पिटलला हात झटकता येत नाहीत. मुख्य मालक म्हणून जबाबदारी त्याचीही आहे.

ईएसआयचे तसेच. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर आपले ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. त्यात कुटुंबालाही उपचार मिळतात. अटी पूर्ण असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार आणि बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण पगार मिळतो.

व्यवस्थापन म्हणेल, नर्सचे काम रुग्णसेवा, हिशेब ऑफिस बघेल. मी विचारते, ज्या सिस्टरच्या डोक्यावर लोन ॲपचे हप्ते आहेत, जी एका हॉस्पिटलात दिवसपाळी आणि दुसरीकडे रातपाळी करते, तिच्या हातून औषधाचा डोस चुकला तर जबाबदार कोण? कर्मचाऱ्याचा हिशेब हा रुग्णाच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला आणि त्यातून पुढे १९४८ चा ईएसआय कायदा आला. स्लिपवरची ती छोटी कपात म्हणजे कोणाची मेहरबानी नव्हे. आपल्या आधीच्या पिढीने मिळवलेला तो हक्क आहे. तो वाचता न येणे आपल्याला परवडणारे नाही.

हॉस्पिटले जागी होईपर्यंत आपण थांबायचे का? रविवारी वंदना झाली की विहारात अर्धा तास बसा. स्लिप आणि मोबाईल घेऊन या. पीएफला जोडलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला की शेवटचा भरणा मेसेजमध्ये येतो. वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी तो वाचून दाखवावा. मात्र ओटीपी कोणालाही सांगू नका, अगदी मलाही नाही.

मावशींनी आणखी चार जणींना घेऊन हॉस्पिटलला लेखी अर्ज दिला आहे. पैसे अजून जमा झालेले नाहीत, पाठपुरावा चालू आहे. बीपीची गोळी मात्र आता मोहननगरातून मिळते. आणि त्या दर महिन्याला स्लिप स्वतः वाचतात, चष्मा लावून, बोट ठेवून.

जयभीम!