जन्मपत्रिका हवी, जन्माची नोंद नको!

माणगाव तालुक्यातील शेतकरी, कारागीर व मोलमजूर बंधुभगिनींनो,

घरात पोर जन्मले की आमच्या लोकांची पहिली धावपळ कशासाठी? पत्रिकेसाठी! घटका, पळे, नक्षत्र, चरण सारे मांडून घ्यायचे, दक्षिणा मोजायची, बारशाला भावकी जेवू घालायची. आणि ग्रामपंचायतीच्या वहीत त्याच पोराची नोंद? “जाऊ उद्या, घाई काय आहे!”

आम्ही शाळामास्तर. शाळांची जुनी रजिस्टरे उघडावी तो पानोपानी जन्मतारीख 1 जून! सारा गाव एकाच दिवशी जन्मला काय? तारीख सांगणारा कागद घरात नव्हता, म्हणून शाळेच्या सोयीची तारीख पडली, एवढेच. आता ते चालणार नाही. 1969 च्या कायद्याप्रमाणे 21 दिवसांत वर्दी दिली तर नोंद फुकट. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणा. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पासून पुढे जन्मलेल्यांना शाळा, मतदारयादी, सरकारी नोकरी यांसाठी जन्मदाखला हाच तारखेचा पुरावा. तेथे पत्रिकेला कोण विचारतो?

नोंदीची किंमत कळत नसेल तर कोतवाल बुकाकडे पाहा. 2023 साली न्या. शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा जन्ममृत्यूच्या याच जीर्ण वह्यांसाठी लोक कचेऱ्यांचे उंबरे झिजवू लागले. त्या शोधात कोणाची पत्रिका कामी आली?

पण याहून भारी गोष्ट आईच्या मरणाची. गरोदरपणात किंवा बाळंत झाल्यापासून 42 दिवसांच्या आत त्याच कारणाने बाई गेली तर तो मातामृत्यू. रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब व झटके, जंतुदोष ही त्याची ठळक कारणे. आमचे लोक काय म्हणतात? “दैव!” आणि वर त्या बिचारीची हडळ करून लिंबू उतरवतात. जी जिवंतपणी रक्तावाचून पांढरीफटक पडली होती, तिला मेल्यावर भूत ठरवणे ही कुठली माणुसकी?

अशा मरणाची चौकशी करण्याची रीत सरकारनेच घातली आहे. त्या चौकशीत तीन प्रश्न येतात : घरच्यांनी ठरवायला उशीर केला काय? वाहन मिळायला उशीर झाला काय? दवाखान्यात पोचल्यावर उपचाराला उशीर झाला काय? मरण “तापाने” म्हणून दडपले की तिन्ही प्रश्न बुडाले. मग रस्ता न करणारा सुटला, जागेवर नसलेला डॉक्टर सुटला, आणि खर्चाला भिऊन सुनेला घरात ठेवणारा सासराही सुटला! 2018-20 च्या गणतीत महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे 33 माता दगावल्या. आकडा देशाच्या 97 हून लहान, म्हणून फुशारकी मारली जाते. पण वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी बाईचे मरण गावच्या वहीत नाही आणि भट्टीच्या गावीही नाही, तर ती या 33 त बसली कोठे?

ही खबर आणणारी कोण? आमच्यातलीच लेकसून, आशाताई. 2005 साली सरकारने तिला नेमले ते “स्वयंसेविका” म्हणून. काम बारा महिने, पगार नाही, कामागणिक मोबदला! बाळंतिणीच्या घरी 42 दिवसांत सहा खेपा घालायच्या, त्याचे सारे मिळून 250 रुपये. 2024 साली या बाया मुंबईत आझाद मैदानावर दिवसचे दिवस बसल्या, तेव्हा कोठे महिन्याचे 5000 वाढले. जुन्या बेगारीला गोड नाव देऊन सरकार मोकळे झाले. पण आम्ही तरी काय करतो? पत्रिकावाल्याला पाट मांडतो आणि आशाताई दारात आली की “आली पुन्हा वही घेऊन!”

बंधुभगिनींनो, जन्माची वर्दी 21 दिवसांत द्या. प्रसूती माहेरी झाली तर नोंद माहेरच्याच गावी होते, तेथे दाखला मागा. बाई दगावली तर आशाताईला त्याच दिवशी सांगा. कारण लपवू नका. ग्रामसभेत विचारा : वर्षात किती जन्मले, किती बाया गेल्या, कशाने गेल्या? उत्तर मिळेपर्यंत बसून राहा. ज्यांच्या मरणाची नोंद नाही, त्यांच्यासाठी रस्ताही होत नाही आणि डॉक्टरही येत नाही.